शून्याखाली बारा झाडं

१२ सप्टेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. रोज एक पान, न चुकता. डॉक्टर म्हणाला, राग कागदावर काढत जा, ब्लडप्रेशर उतरेल. मुळात मला राग येत नाही. लोक चुका करतात आणि मी त्या दाखवतो, एवढंच. पण डॉक्टरच्या समाधानासाठी लिहितोय.
पेन गळतंय. दुकानदाराला उद्या बघतो.

१५ सप्टेंबर
दोन पानं राहिली. कारण: सामान लावणं. सासरे बाथरूममध्ये पडले, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून मी आणि ही त्यांच्या घरी राहायला आलो आहोत. तात्पुरते. शेजारचा रिटायर्ड पोस्टमन कुंपणावरून म्हणाला, काय, घरजावई झालात वाटतं? मी बाणेदारपणे गप्प बसलो. तासाभरानं एक जबरदस्त उत्तर सुचलं, तर हा आत जाऊन झोपलेला.

१६ सप्टेंबर
मागच्या अंगणात पीचची बारा झाडं. अकरा एका रांगेत, सासऱ्यांच्या खिडकीसमोर. बारावं लाकडाच्या शेडमागे, एकटं, कमरेत वाकलेलं, वाऱ्याच्या थेट तोंडावर. चाळीस वर्षं सासऱ्यांनीच ती सांभाळली. आता ते पलंगावरून उठतील असं दिसत नाही. डॉक्टरनं हिला बाजूला घेऊन सांगितलं की हाड जुळेलही, पण हृदय दमलंय, फार लांबचं काही ठरवू नका. ही स्वयंपाकघरात जाऊन रडली. सासऱ्यांना कुणी सांगितलेलं नाही, तरी त्यांना कळलंय.
संध्याकाळी मला बोलावून म्हणाले, जावईबापू, मार्चमध्ये ह्या खिडकीतून फुलं दिसली की झालं. दुसरं काही मागणं नाही. मी म्हटलं, काळजी सोडा, झाडं आता माझ्याकडे लागली. ते म्हणाले, त्यांचं काही करू नका. नुसती राहू द्या.
काही करू नका! मला! एकतीस वर्षं कोल्ड स्टोरेजमध्ये काढलेल्या माणसाला! थंडी माझ्या हाताखाली होती. बटण फिरवलं की थंडी कमी, बटण फिरवलं की जास्त. ह्या घरात थंडी म्हणजे काय हे कळणारा मी एकटा माणूस आहे आणि मला सांगतात, नुसती राहू द्या.
संकल्प: मार्चमध्ये बाराच्या बारा झाडं अशी फुलवायची की सासऱ्यांनी आपण होऊन सॉरी म्हणावं.

१७ सप्टेंबर
सासरे असं का म्हणाले ते मला माहीत आहे. खोली नंबर चार. सात वर्षं झाली. माझ्या कोल्ड स्टोरेजमधली ती खोली गोठली आणि आतल्या सगळ्या फळांचा लगदा झाला. त्यात सासऱ्यांचे चाळीस क्रेट पीच होते. चूक सेन्सरची होती, हे मी रिपोर्टात स्वच्छ लिहिलं होतं. तरी मला निवृत्तीच्या तीन वर्षं आधी घरी बसवलं. सासऱ्यांनी आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही. मुद्दाम काढत नाहीत. टोमणा मारायची ही त्यांची पद्धत आहे.

२९ सप्टेंबर
आठ थर्मामीटर आणले. झाडांना टांगले. नंबर सहा बाकीच्यांपेक्षा दीड डिग्री कमी दाखवतो. खोटारडा आहे. त्याला उन्हात टांगला.

४ ऑक्टोबर
झाडांना ताकद हवी म्हणून खत दिलं. पाकिटावर वसंत ऋतूत द्या असं लिहिलंय. खतवाल्यांना काय कळतं. परीक्षा जवळ आली की मुलाला दूध वाढवतो की परीक्षा झाल्यावर? अकरा झाडांना दोन-दोन डबे. बाराव्यापर्यंत पोचेस्तोवर पोतं संपलं. त्या वाकड्याला तसंही काय करायचंय.

२१ ऑक्टोबर, दुपारी
विजय! पोस्टमनची झाडं पिवळी पडली, पानं गळायला लागली. माझी हिरवीगार. शेंड्यांना नवी, कोवळी, लालसर पालवी. मी कुंपणाशी जाऊन उभा राहिलो आणि मुद्दाम आळोखेपिळोखे दिले. पोस्टमन खुर्चीत बसून शिट्टी वाजवत होता. म्हणाला, ह्या दिवसांत पालवी? मी म्हटलं, सेवा लागते. तो म्हणाला, असेल बुवा. आणि परत शिट्टी. ह्या माणसानं टपाल तरी वेळेवर वाटलं असेल का, शंका आहे.
बाराव्याचीही पानं गळतायत. वाटलंच होतं.

२६ ऑक्टोबर
हिनं मला न विचारता फळ संशोधन केंद्रात फोन केला. तिथली एक बाई आली. वय फार तर तीस. पर्समधून दाढीचं ब्लेड काढलं आणि माझ्या झाडाची फांदी सरळ कापली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. तिचं नाव ब्लेडबाई.
ब्लेडबाईचं मत: झाडांनी आता झोपायला हवं होतं, तुम्ही त्यांना जागं ठेवलंय. मी विचारलं, तुम्ही कोल्ड स्टोरेजमध्ये किती वर्षं काम केलंय? म्हणाली, एकही नाही. मी हिच्याकडे असं बघितलं, की ऐकलंस ना? ही ब्लेडबाईसाठी चहा टाकायला निघून गेली.

३० ऑक्टोबर
केंद्रात जाऊन आलो. स्वखुशीनं नाही, हिनं रिक्षात बसवलं. ब्लेडबाईनं सूक्ष्मदर्शकाखाली फांदीचा पातळ काप दाखवला. पेशी म्हणजे एकाला एक लागून असलेल्या खोल्या. मधे बारीक फटी. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं की हे तर माझं कोल्ड स्टोरेजच आहे. ती म्हणाली, उलटं आहे.
तिचं म्हणणं असं. दिवस लहान व्हायला लागले, गारवा हळूहळू वाढला, की झाड तयारीला लागतं. पेशीतलं पाणी जरा जरा करून बाहेर, फटींमध्ये सोडतं. आत राहतो तो साखरेचा घट्ट पाक. तो सहजी गोठत नाही. पेशीभोवतीचा पापुद्राही थंडीत कडक होऊ नये म्हणून झाड त्यातली चरबी बदलतं. मग कडाक्याची थंडी पडते तेव्हा बर्फ होतो तो फटींमध्ये, पेशीच्या बाहेर. पेशी आक्रसते, सुरकुतते, पण जगते. बर्फ आत झाला तर संपलं, कारण त्याच्या सुया पापुद्रा फाडतात. पीचच्या फुलकळीची तर आणखी वेगळी तऱ्हा. तिच्या आतलं पाणी शून्याच्या खूप खाली जाऊनही पाणीच राहतं, कारण बर्फाला सुरुवात करायला आत एक कणही सापडत नाही. पण ह्या सगळ्याला सराव लागतो, आठवडेच्या आठवडे. थंडी सोसतच झाड थंडीला तयार होतं.
थोडक्यात, झाडं घाबरतात आणि पाणी सोडतात. माझ्या झाडांवर अशी वेळ येणार नाही.

२ नोव्हेंबर
रात्रभर विचार केला. साखरेचा पाक हा मुद्दा घेण्यासारखा आहे. झाडं बिचारी कुठून आणणार साखर? सकाळी सहा किलो साखर गरम पाण्यात विरघळवून अकरा बुंध्यांना घातली. बाराव्याला उरली नाही.
ब्लेडबाईला हे तीस वर्षांत सुचणार नाही.

३ नोव्हेंबर
मुंग्या.

४ नोव्हेंबर
मुंग्या घरात. सासऱ्यांच्या पलंगावर चढल्या. हिनं विचारलं, डब्यातली साखर कुठं गेली. मी म्हटलं, झाडांच्या पेशींमध्ये. ही जे बोलली ते इथे लिहीत नाही, कारण ही रोजनिशी आहे. सासरे मात्र पायावरच्या मुंग्या झटकत हसत होते. मला कुणी हसलेलं आवडत नाही, आजारी माणसानंही नाही.
संकल्प: आजपासून रागवायचं नाही.

५ नोव्हेंबर
मुंग्यांची पावडर देणारा दुकानदार मूर्ख आहे.

१४ नोव्हेंबर
पक्की योजना. जाड प्लास्टिकचा तंबू, अकरा झाडांवर एकच लांब. आत दोनशे वॅटचे बावीस बल्ब, संध्याकाळी पाच ते सकाळी आठ. ऊबही आणि उजेडही. झाडांना कळणारच नाही की दिवस लहान झालाय. तीन दिवस शिडीवर होतो. वायर अकराव्या झाडापर्यंत पुरली, प्लास्टिकही तिथेच संपलं. बाराव्यानं स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकावं.
सासरे खिडकीतून बघत होते. हिच्याकडून निरोप पाठवला की फार दमू नका म्हणावं. म्हणजे थांबा म्हणावं. सरळ कधी बोलणार नाहीत.

१५ नोव्हेंबर
तंबूत बारा डिग्री, बाहेर एक. याला म्हणतात काम. पोस्टमननं विचारलं, आत लग्न आहे का?

२२ नोव्हेंबर
जेवताना खोली नंबर चारचा विषय निघाला. मीच काढला, कारण सगळे तो काढत नव्हते आणि ते मला ऐकू येत होतं. मी शांतपणे सांगितलं की सेन्सर तर होताच, पण वॉचमननंही त्या रात्री दार उघडं टाकलं होतं. हिनं विचारलं, दार उघडं राहिलं तर बाहेरची ऊब आत जाईल, खोली गोठेल कशी? बायकोशी तांत्रिक चर्चा करण्यात अर्थ नसतो. भात अर्धा टाकून उठलो. नंतर भूक लागली.

९ डिसेंबर
ब्लेडबाई परत आली. कुणी बोलावली ते विचारायची गरज नाही. तंबूत शिरली आणि चष्म्यावर वाफ आली, तो काढून पुसत म्हणाली, अजून पानं आहेत? डिसेंबरात? मी म्हटलं, अभिनंदन नंतर करा. ती म्हणाली, तंबू आत्ता काढा, आज, म्हणजे पुढच्या चार-पाच आठवड्यांत थोडीतरी तयारी होईल. ह्यांच्या पेशी पाण्यानं टम्म भरलेल्या आहेत. खरा गारठा आला आणि त्या रात्री दिवे गेले तर एक कळी राहणार नाही.
मी म्हटलं, दिवे जाणार नाहीत. माझ्या कोल्ड स्टोरेजमध्ये कधी अर्धा डिग्रीसुद्धा इकडचं तिकडे झालं नाही. ती चष्मा परत लावत होती. हिनं मात्र माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यानं दिवसभर डोकं फिरलेलं आहे.
जाताना शेडमागे जाऊन बाराव्याची एक कळी कापून आली. म्हणाली, हे छान झोपलंय. मेलेल्याला झोपलेलं म्हणायची तिच्या खात्यात पद्धत असावी.

१८ डिसेंबर
नंबर सहा आता दोन डिग्री कमी दाखवतो. काढून फेकला. पोस्टमनच्या अंगणात पडला. तो धुऊन पुसून परत घेऊन आला.

९ जानेवारी, संध्याकाळी ६
रेडिओ म्हणतोय आज उणे सतरा. पंचवीस वर्षांत नाही इतकी. येऊ दे! ह्याच दिवसाची वाट बघत होतो. तंबूत आणखी ऊब हवी म्हणून घरातले दोन्ही हीटर तिकडे लावले. सासऱ्यांच्या खोलीतलाही, एका रात्रीपुरता. ते स्वतःच म्हणाले, न्या न्या, मला काय, दोन रजया आहेत. ही बाजारात गेलीये. आल्यावर सांगतो.
साडेआठला झोपणार. उद्या सकाळी ब्लेडबाईला स्वतः फोन करणार.

१० जानेवारी, सकाळी ६.४०
कानटोपी काढून लिहितोय.
ही नऊला आली, बापाचे हात बर्फासारखे बघितले, तंबूतला हीटर उपटून आणला आणि त्यांच्या खोलीत लावला, वर शेकायचं पाणी तापवायला विजेची शेगडी. एवढ्या सगळ्या लोडवर घराचा फ्यूज उडाला. हिनं मला दोनदा उठवलं म्हणे. मी कानटोपी घालून झोपलो होतो, ऐकू कसं येणार? मग हिनं तंबूची वायर मुळातून काढून टाकली, फ्यूज बसवला आणि बापाचा हीटर चालू ठेवला. रात्रभर. माझे बावीसच्या बावीस बल्ब बंद. रात्रभर!
मी खूप ओरडलो. मला वाटलं ही रडेल. ही म्हणाली, त्यांचे ओठ निळे पडले होते. एवढंच म्हणाली आणि आत गेली. ह्यावर बोलण्यासारखं काही नव्हतं म्हणून मी अंगणात जाऊन ओरडलो.

१० जानेवारी, सकाळी ७.३०
आनंदाची बातमी. झाडांना काहीही झालेलं नाही! तंबूत जाऊन बघितलं. पानं हिरवी, कडक, काचेसारखी चकचकीत. उलट जास्तच तकतकीत दिसतायत. ब्लेडबाईच्या तोंडात मारल्यासारखं होणार आहे. हिला हाक मारली, आली नाही.

१० जानेवारी, दुपारी २
ऊन आल्यावर पानं लोंबली. काळपट, ओली, उकडलेल्या पाल्यासारखी. हाताला लावलं तर पाणी सुटलं.
असं आधी कुठं बघितलंय ते मला आठवत नाही. आठवायचं नाही.

११ जानेवारी
पानं गेली तर गेली. पोस्टमनची ऑक्टोबरातच गेली होती, तेव्हा कुणी रडलं नाही. कळ्या शाबूत आहेत. बाहेरून दिसतंच की.

१३ जानेवारी
ब्लेडबाई. एकेका झाडाच्या दहा-दहा कळ्या उभ्या कापल्या आणि पांढऱ्या ताटलीत मांडल्या. प्रत्येकीच्या पोटात तपकिरी ठिपका. म्हणाली, बर्फ आत झाला. पाणी बाहेर पडायला वेळच मिळाला नव्हता. खोडं कदाचित जगतील, उन्हाळ्यात खालून फुटतील. पण ह्या वर्षी फुलं नाहीत.
मी म्हटलं, तुम्ही नेमक्या खराब कळ्या निवडल्यात. मग मी ब्लेड घेतलं आणि स्वतः एकशे चाळीस कापल्या. नंतर अंधार पडला.

१४ जानेवारी
आणखी साठ कापल्या. हिनं हातातून ब्लेड काढून घेतलं.

२ फेब्रुवारी
सासरे विचारतात, कशी आहेत झाडं. मी म्हणतो, फर्स्ट क्लास. बावीस दिवस रोज एकदा. आज खिडकीला जाड पडदा लावला, फटीतून गार हवा येते म्हणून. खरोखर येते. सासरे पडद्याकडे बघून म्हणाले, छान कापड आहे. बाजूला करा असं काही म्हणाले नाहीत. म्हातारा आतल्या गाठीचा आहे, मी पहिल्यापासून सांगतोय.
ही माझ्याशी बोलत नाही. चहा ठेवते, बशी जोरात ठेवते. बशीबद्दल मी तक्रार केलेली नाही. हा माझा संयम कुणाच्या लक्षात येत नाही.

२० फेब्रुवारी
दोष कुणाचा याची यादी केली. फ्यूज बनवणारे. हीटर बनवणारे. रेडिओ, कारण उशिरा सांगितलं. बाजार, कारण तो उशिरापर्यंत उघडा असतो. कानटोपी विणणारी माझी बहीण. नंबर सहा. ही. ब्लेडबाई, कारण तिनं तोंडातून अशुभ काढलं. स्वतः सासरे, कारण त्यांनी हीटर न्या म्हटलं. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. माणसानं वेळेला नाही म्हणावं.

१४ मार्च
पोस्टमनची झाडं फुलली. खुर्चीत बसून राहिला सगळा हिवाळा, एक बादली उचलली नाही, आणि आता डोक्यावर गुलाबी छत घेऊन बसलाय. पाकळ्या वाऱ्यानं माझ्या अंगणात येतात. झाडून परत त्याच्याकडे टाकल्या. मोठा ढीग.
तो म्हणाला, म्हातारबुवांसाठी दोन फांद्या नेता का? मी म्हटलं, आमच्याकडे आहेत. हे तोंडातून निघून गेलं. कुंपणाला लाथ मारली. पाय सुजलाय.

१७ मार्च
रात्री सासऱ्यांना दम लागला होता. डॉक्टर येऊन गेला. जाताना ह्या वेळी त्यानं हिला बाजूलाही घेतलं नाही, तिथेच सांगितलं, जवळ बसा. थोडी झोप झाल्यावर सासऱ्यांनी मला विचारलं, कितवी तारीख? सांगितली. म्हणाले, मग आली असतील. मी पडदा सारखा केला.
असा स्वतःचा राग मला कधी आला नव्हता. म्हणजे दुसऱ्यांचा असतो तसा हा नाही. हा कुणाला देता येत नाही.

१८ मार्च, सकाळी ८
ही दोन महिन्यांनी स्वतःहून बोलली. म्हणाली, शेडमागे जाऊन या. मी विचारलं कशाला. म्हणाली, जाऊन तर या. ही भांडी घासताना स्वयंपाकघराच्या खिडकीतून रोज बघत होती म्हणे. मला सांगितलं नाही. विचारलं, का नाही सांगितलंस, तर म्हणाली, तुम्ही त्याला काहीतरी केलं असतंत.
गेलो. बारावं झाड फुललंय. बुंध्यापासून शेंड्यापर्यंत. वाकड्या कमरेसकट. आजूबाजूला मधमाश्यांची घूं घूं.
मला प्रचंड राग आला. ज्यांच्यासाठी शिडीवर चढलो, साखर ओतली, त्या अकरांनी माझं नाक कापलं. आणि ह्याला खत नाही, बल्ब नाही, साधा थर्मामीटर नाही, उणे सतरात उघड्यावर उभं होतं, आणि हे फुलतं! माझ्याकडून एक दमडीची मदत न घेता! मी त्याला बरंच काही बोललो. फुलं हलली नाहीत. पोस्टमन कुंपणापलीकडून ऐकत होता बहुतेक, कारण शिट्टी थांबली होती.

१८ मार्च, सकाळी ११
ब्लेडबाई आली. तिला केंद्राच्या नोंदवहीत लिहायचंय की उणे सतरात जगलेल्या झाडाची हिवाळ्यात काय निगा राखली. पेन काढून बसली. मी म्हटलं, थांबा, माझ्याकडे लेखी नोंद आहे, एकतीस वर्षांची सवय. आणि ही रोजनिशी उघडली.
पहिल्या पानापासून बघितलं. खत: पोतं संपलं. साखर: उरली नाही. वायर: पुरली नाही. मी एकेक पान उलटत होतो आणि ती पेन धरून थांबली होती. शेवटी म्हटलं, लिहा, काही केलं नाही. तिनं विचारलं, काहीच नाही? मी म्हटलं, काहीच नाही, नुसतं राहू दिलं. तिनं ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ह्या घरात माझ्या बोलण्यातलं कुणी काही लिहून घेण्याची ही पहिली वेळ.

१८ मार्च, दुपारी ४
सासऱ्यांचा पलंग स्वयंपाकघरात हलवला. तिथल्या खिडकीतून बारावं समोर दिसतं. पलंग जड. मी एक बाजू धरली, दुसरी पोस्टमननं. त्याला मी बोलावलं. दोनदा हाक मारावी लागली, त्याला वाटलं मी भांडायला बोलावतोय. दारातून नेताना त्याचा हात चेपला. मी सॉरी म्हटलं. तो दचकला.
सासऱ्यांच्या पाठीला हिनं तीन उश्या लावल्या. ते बघत राहिले. खूप वेळ. मधेच पाकळी आत आली, रजईवर पडली, ती त्यांनी उचलली नाही, तशीच राहू दिली. मग म्हणाले, एकच? मी म्हटलं, एकच. बाकीची अकरा मी मारली. ते म्हणाले, हं. पडदा लावलात तेव्हाच वाटलं होतं.
ही भाजी चिरायची थांबली. मला वाटलं आता बोलतील. बोलले नाहीत. मग मीच बोललो. म्हटलं, नंबर चारमध्ये सेन्सर बरोबर होता. वॉचमनही बरोबर होता. शनिवारी दुपारी काटा शून्यावर होता, जिथे असायला हवा होता तिथेच. मला तो बरोबर वाटेना. हवा कोमट लागत होती. म्हणून मी बटण फिरवलं, उणे सहावर, आणि दोन दिवसांसाठी घरी आलो. सोमवारी दार उघडलं तेव्हा फळं काचेसारखी चकचकीत होती आणि मला वाटलं, वा! दुपारपर्यंत सगळ्याचं पाणी झालं. तुमच्या चाळीस क्रेटचंसुद्धा. मला वाटलं हे सांगताना मी ओरडेन, पण आवाज चढला नाही.
सासरे फुलांकडेच बघत होते. म्हणाले, माहीत आहे. सोमवारी संध्याकाळी तुमच्या मॅनेजरनं सांगितलं होतं. मी विचारलं, मग सात वर्षं बोलला का नाहीत? म्हणाले, बोललो की. सप्टेंबरात म्हटलं नव्हतं का, काही करू नका.
हिला हसू फुटलं. मग सासऱ्यांनाही, आणि हसताना त्यांना खोकला आला, म्हणून मी पाठ चोळायला उठलो, तर दोघंही एकदम म्हणाले, बसा.
बसलो. अंधार पडेपर्यंत तिघं खिडकीशी होतो. मी पलंगाची उशीसुद्धा सरळ केली नाही.

२६ मार्च
सासरे परवा पहाटे गेले. खिडकी उघडी होती.

३ एप्रिल, सकाळी
घरी परत जायचं ठरत होतं. ही म्हणाली, इथेच राहू. ठीक आहे. पोस्टमन काय म्हणायचं ते म्हणू दे. बाराव्याची फुलं गळून गेली, आता मुगाएवढी बारीक हिरवी फळं धरलीयेत. फार दाट धरलीयेत. थोडी तोडायला हवीत. आणि बुंध्याशी माती जरा कोरडी वाटते.

३ एप्रिल, दुपारी
बादली घेऊन शेडपर्यंत गेलो. ही स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी होती. पाणी कुंपणाबाहेर ओतलं आणि परत आलो. फार राग आला.
संकल्प: त्या झाडाचं काही करायचं नाही. उद्या सकाळी सहापासून सुरुवात.